‘मन खंबीर ठेवा’ हे औषध नव्हे

तालुक्याच्या एका सरकारी रुग्णालयात मधुमेहाच्या रुग्णांसाठी आठवड्यातला एक वार ठरलेला आहे. सकाळी आठाच्या आधीच केसपेपरसाठी रांग लागते आणि डॉक्टरांच्या टेबलापर्यंत पोहोचेतो बारा वाजून जातात. गेल्या पावसाळ्यात एका नातेवाइकाबरोबर मी त्या रांगेत उभा होतो. आमच्या पुढे पन्नाशी ओलांडलेला एक यंत्रमाग कामगार होता. त्याची उपाशीपोटीची साखर तीनशेच्या वर गेली होती. डॉक्टरांनी कागद पाहिला आणि प्रश्नांची सरबत्ती सुरू केली : गोळ्या वेळेवर घेता ना? गोड बंद केले ना? चालायला जाता ना? कामगार मान खाली घालून उभा होता. शेवटी तो एवढेच म्हणाला, “साहेब, गोळ्यांची पुडी उशाशीच असते, पण उठून घ्यावी असं वाटत नाही. कशातच राम राहिला नाही.” डॉक्टर क्षणभर थांबले. ते काही निर्दय गृहस्थ नव्हते. पण दाराशी अजून साठ-सत्तर माणसे ताटकळत होती. “मन खंबीर ठेवा,” असे म्हणून त्यांनी गोळीचे प्रमाण वाढविले आणि पुढच्या रुग्णाला हाक मारली.

जी गोळी घेण्याची इच्छाच त्या माणसात उरली नव्हती, तीच त्याने आता दुप्पट घ्यावयाची होती! आपल्या आरोग्यव्यवस्थेवर याहून नेमके भाष्य मला करता येणार नाही.

हा एका डॉक्टरचा दोष नव्हे आणि एका तालुक्याचाही नव्हे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या पाठबळाने देशभर झालेल्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांतील अंदाजाप्रमाणे या देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर उभे आहेत. दुसरीकडे, ४२ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेऊन २००१ साली संशोधकांनी दाखवून दिले होते की, मधुमेह असलेल्यांत नैराश्याचे प्रमाण इतरांच्या मानाने सुमारे दुप्पट असते. या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या म्हणजे रुग्णालयाच्या त्या रांगेत तो कामगार एकटा नव्हता, हे सांगण्यास ज्योतिषी नको. त्याच्यासारखे कित्येक त्याच्या मागेपुढेच उभे होते. विचारणारे मात्र कोणी नव्हते.

मधुमेह आणि खिन्नता यांचा संबंध आज कोणाच्या लक्षात आला आहे असेही नाही. सतराव्या शतकातील इंग्रज वैद्य थॉमस विलिस याने दीर्घकाळचे दुःख हे मधुमेहाच्या कारणांपैकी एक असल्याचे लिहून ठेवले होते. आजचे वैद्यक एवढे सरळसोट कारण सांगत नाही. परंतु दोन्ही विकार एकमेकांच्या हातात हात घालून वावरतात, हे त्याला मान्य आहे. मधुमेह म्हणजे जन्मभराची चाकरी. रोज काय खाल्ले याचा हिशेब, बोटाला सुई, पायाला जखम झाली की धास्ती, डोळ्यांची आणि मूत्रपिंडाची चिंता, औषधांचा खर्च, आणि या सर्वावर घरच्यांचा पहारा. या चाकरीने माणूस खचतो. आणि माणूस खचला की तो औषध चुकवितो, चालणे सोडतो, मिळेल ते खातो किंवा खातच नाही, तपासणीला येत नाही. सततच्या मानसिक ताणाने शरीरात कॉर्टिसॉलसारखी संप्रेरके वाढतात व तीही साखर चढविण्यास हातभार लावतात. वाढलेली साखर पाहून डॉक्टर रागावतो, घरचे बोलतात, आणि रुग्णाची आपण नालायक आहोत अशी खात्री पटत जाते. चक्र पुरे होते.

येथे एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. आजाराच्या ओझ्याने येणारा वैताग निराळा आणि नैराश्याचा विकार निराळा. पहिल्यात माणूस मधुमेहाला कंटाळलेला असतो. दुसऱ्यात त्याला नातवाचे हसणेही पोहोचत नाही. वैतागाला आहार-औषधांची सोपी आखणी, माहिती आणि धीराचे बोलणे पुष्कळदा पुरते. नैराश्याला रीतसर उपचार लागतात : ठरावीक पद्धतीचे समुपदेशन, गरज असेल तेथे औषधे, आणि महिनोन्महिने पाठपुरावा. हा भेद करण्यासाठी कोणतेही महागडे यंत्र लागत नाही. नऊ प्रश्नांची एक साधी प्रश्नावली जगभर वापरली जाते, तिला दाम पडत नाही आणि ती पाच मिनिटांत भरून होते. तिच्यातला नववा प्रश्न जीव नकोसा होण्याविषयी आहे. त्याचे उत्तर होकारार्थी आले तर त्या माणसाला त्याच दिवशी तज्ज्ञापर्यंत पोहोचवावयाचे असते. साखर मोजण्याची पट्टी आपण खरेदी करतो आणि मनाची फुकटची पट्टी फडताळात ठेवतो, याला काय म्हणावे?

आता कोणी म्हणेल की, मनाचा विकार असेल तर मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवा, मधुमेहाच्या डॉक्टरांना त्यात का ओढता? हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर अनुभवाने मिळालेले आहे. अमेरिकेतील सिएटल येथे वेन केटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३२९ मधुमेही रुग्णांच्या नैराश्यावर नीट उपचार करून पाहिले. २००४ साली निष्कर्ष आले : नैराश्य कमी झाले, पण साखर होती तेथेच राहिली. यावरून एखाद्याने म्हटले असते की मनाच्या उपचाराचा मधुमेहाला उपयोग नाही. या मंडळींनी निराळा निष्कर्ष काढला. त्यांनी पुढच्या प्रयोगात एकाच परिचारिकेकडे दोन्ही कामे सोपविली. तीच रुग्णाच्या मनाची चौकशी करी, तीच त्याच्या साखरेचा, रक्तदाबाचा आणि कोलेस्टेरॉलचा पाठपुरावा करी, आणि दर आठवड्याला तज्ज्ञ डॉक्टरांपुढे तिचे कागद तपासले जात. सुधारणा होत नसेल तर वाट पाहत न बसता उपचार बदलला जाई. २१४ रुग्णांच्या या प्रयोगाचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. या वेळी मनही सावरले आणि साखरही उतरली. माणूस एक आहे, त्याचे उपचारही एका हाताने व्हावयास हवेत, एवढाच याचा अर्थ.

“अमेरिकेचे सोडा, आपल्याकडे ते कसे जमणार?” हा आपल्या राज्यकर्त्यांचा आणि त्यांच्या सचिवांचा आवडता प्रश्न. त्यांनी जरा आपल्याच देशाकडे पाहावे. दिल्ली, चेन्नई, बंगळूर आणि विशाखापट्टण येथील चार मधुमेह-चिकित्सालयांत नैराश्य व मधुमेह दोन्ही असलेल्या ४०४ रुग्णांवर असाच प्रयोग झाला. डॉक्टर नसलेल्या प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी वर्षभर रुग्णांची सोबत केली. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दोन वर्षांअखेर नैराश्याची लक्षणे निम्म्याने तरी घटणे आणि त्याबरोबर साखर, रक्तदाब वा कोलेस्टेरॉल यांपैकी निदान एक सुधारणे, हे ज्यांच्या बाबतीत साधले त्यांचे प्रमाण या गटात ७१.६ टक्के, तर नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत ५७.४ टक्के होते. 

कोणी म्हणेल, ही शहरांतील विशेष चिकित्सालये. प्राथमिक आरोग्य केंद्रात काय? त्याचे उत्तर आपल्या शेजारी गोव्यात आहे. तेथे स्थानिक माणसांनाच, त्यांच्याकडे वैद्यकाची कोणतीही पदवी नसताना, शिकवून समुपदेशक म्हणून प्राथमिक उपचाराच्या ठिकाणी बसविण्यात आले. नैराश्य व चिंताविकारांवरील या प्रयोगाचे निष्कर्ष २०१० साली आले. सरकारी केंद्रांतील रुग्णांपैकी सहा महिन्यांनी बरे झालेले या पद्धतीत ६५.९ टक्के होते, नेहमीच्या पद्धतीत ४२.५ टक्के. खासगी डॉक्टरांच्या दवाखान्यांत मात्र दोन्ही गट सारखेच सुधारले. याचा एक अर्थ मला असा दिसतो : ज्याचा डॉक्टर ओळखीचा आहे, त्याला दोन शब्द तेथे आधीच मिळत होते. सरकारी रांगेतल्या गरिबाला ते मिळत नव्हते. ते देणारा माणूस नेमताच फरक पडला. म्हणजे औषधाइतकीच तेथे माणसाची टंचाई आहे. आणि ही टंचाई निसर्गाने निर्माण केलेली नाही.

कागदावर पाहू गेल्यास आपला देश कोठेच मागे नाही. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ सालचा आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून चालू आहे. मधुमेह, हृदयविकार, कर्करोग व पक्षाघात यांच्यासाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० साली आला. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने तर सरकारी खर्चाने चालणाऱ्या मानसिक उपचारांवर प्रत्येकाचा हक्क मान्य केला आणि ही सेवा प्राथमिक पातळीपासून सर्वसाधारण आरोग्यसेवेत मिसळावी, असे स्पष्ट शब्दांत म्हटले. शब्दांना तोटा नाही! प्रत्यक्षात मधुमेहाचा कार्यक्रम एका नोंदवहीत, मनाचा दुसऱ्या नोंदवहीत. एकाचे अधिकारी निराळे, दुसऱ्याचे निराळे. एकाची खोली तालुक्याला, दुसऱ्याची बहुधा जिल्ह्याला. रुग्ण तेवढा एक, आणि त्याने एक दिवसाची मजुरी बुडवून एकीकडे व दुसऱ्या दिवसाची बुडवून दुसरीकडे जावे, अशी ही व्यवस्था आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात निरनिराळ्या मनोविकारांच्या रुग्णांपैकी ७० ते ९२ टक्के लोक उपचारांवाचून असल्याचे आढळले, यात नवल ते काय?

शिवाय ही फारकत केवळ गैरसोयीची नाही, ती धोक्याची आहे. नैराश्यावरील काही औषधांनी वजन वाढते आणि त्याबरोबर साखर चढते. फ्लुऑक्सेटिनसारख्या औषधाने काहींची साखर उतरते, आणि रुग्ण इन्सुलिनवर असेल तर ती फार खाली जाऊ नये म्हणून लक्ष ठेवावे लागते. एका डॉक्टरची चिठ्ठी दुसऱ्याला ठाऊक नसेल तर हे लक्ष कोणी ठेवावयाचे? आणखी एक विसंगती पाहा. मधुमेहाने पायांच्या नसा बिघडून आग होऊ लागली की अमिट्रिप्टिलिनची लहानशी गोळी सर्रास दिली जाते. ही गोळी मूळची नैराश्यावरची. म्हणजे मनाचे औषध पायांसाठी रुग्णाच्या पोटात जाते; पण त्याच्या मनाची विचारपूस तेवढी होत नाही.

मग सरकारने काहीच केले नाही काय? केले आहे. आशा कार्यकर्ती घरोघर जाऊन तिशीपुढच्या माणसांचा जो तपासणी-अर्ज भरते, त्यात आता मनाविषयी दोन प्रश्न आहेत. कामात रस वाटतो का? उदास, हताश वाटते का? प्रश्न योग्य आहेत. पण ‘होय’ असे उत्तर आले तर पुढे काय? केंद्रात डॉक्टरची जागा भरलेली असेल तर तो रांगेत गुंतलेला. तालुक्याच्या असंसर्गजन्य आजारांच्या कक्षात समुपदेशकाचे पद सरकारच्याच योजनेत आहे. पण ते कंत्राटी आणि सरकारच्या मर्जीवर अवलंबून. आणि ज्या आशाताईने तो नाजूक प्रश्न विचारावयाचा, ती सरकारच्या लेखी अजून कर्मचारीच नाही, ‘स्वयंसेविका’ आहे. मोबदल्यासाठी महाराष्ट्रातल्या आशांना २०२१ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये संप करावा लागला. जिच्या स्वतःच्या पोटाची हमी नाही, तिने गावाच्या मनाची काळजी वाहावी, ही अपेक्षा निर्लज्जपणाची आहे.

२०२२ च्या १० ऑक्टोबरला सुरू झालेल्या टेलि-मानस या दूरध्वनी सेवेकडे आता बोट दाखविले जाते. १४४१६ हा क्रमांक फिरवावा आणि मन मोकळे करावे. ही सेवा वाईट नाही. अडलेल्या घटकेला तिचा आधार होतो व तो घ्यावा. परंतु दूरध्वनीवरचा आवाज रुग्णाची साखर पाहत नाही, पुढच्या आठवड्यात तो आला नाही तर त्याच्या दारी जात नाही. दूरध्वनी हा दाराला पर्याय म्हणून पुढे केला जात असेल तर ती फसवणूक होय. तीच गोष्ट पाच लाखांच्या विमा-कार्डाची. ते कार्ड रुग्णालयात दाखल होणाऱ्यासाठी आहे. पायाला गँगरिन होऊन तो कापावयाची वेळ आली तर कार्ड चालते. तो कापावा लागू नये म्हणून जी गोळी, जी तपासणी आणि जे समुपदेशन वर्षानुवर्षे लागते, त्यासाठी ते चालत नाही. ज्या उपचारात मोठे बिल होते त्याला सरकारचे पैसे आहेत. ज्यात माणूस सावरतो त्याला नाहीत.

येथपर्यंत आपल्या बाजूची मंडळी माझ्याशी सहमत असतील. आता त्यांच्याशीच थोडे भांडावयाचे आहे. श्रमिकांच्या चळवळीत आयुष्य घालविलेले माझे काही मित्र नैराश्य हा शब्द ऐकला की नाक मुरडतात. एक म्हणतो, ही सुखवस्तूंची चैन; कष्टकऱ्याला उदास व्हायला वेळ कोठे आहे? दुसरा अधिक अभ्यासू असतो. तो म्हणतो, कामगाराचे दुःख कर्जातून, बेकारीतून आणि भावहीन जगण्यातून येते; त्याला गोळी देणे म्हणजे अन्यायाला आजाराचे नाव देऊन समाजाला मोकळे सोडणे.

पहिल्या मित्राला उत्तर देण्याची गरज नाही; त्याने त्या रुग्णालयाच्या रांगेत एक सकाळ उभे राहावे. दुसऱ्याच्या म्हणण्यात मात्र तथ्य आहे. कर्ज, बेकारी, पोटभर अन्नाऐवजी स्वस्तात मिळणारा भात, चहा आणि बिस्किटे यांचा मधुमेहाशीही संबंध आहे आणि नैराश्याशीही. घरातल्या बाईचे पाहा. नवऱ्याला मधुमेह झाला तर त्याच्यासाठी निराळी भाजी-भाकरी होते. तिला झाला तर ती उरलेसुरले खाते आणि दवाखान्याचा वार घरकामात बुडवते. तिच्या खिन्नतेत घराचा आणि समाजाचा वाटा नाही, असे कोण म्हणेल? पण उपासमार हे क्षयाचे एक कारण आहे म्हणून आपण क्षयरोग्याचे औषध थांबवितो काय? आधी शोषण संपवू आणि मग इन्सुलिन देऊ, असे कोणी म्हणतो काय? दुःखाचे मूळ समाजात आहे, हे विधान खरे असले तरी ते उशाशी पुडी ठेवून तिच्याकडे पाहत पडलेल्या माणसाला उठवत नाही. उपचारांनी तो उठला, तर उद्या मजुरीसाठी भांडेल, युनियनच्या सभेला येईल, निदान मुलांशी बोलेल. शिवाय ‘परिस्थिती बदलल्यावाचून उपयोग नाही’ असे आपण म्हणू लागलो की सरकारला हवे तेच होते. त्यालाही काही करावयाचे नसते. डॉक्टरांचे ‘मन खंबीर ठेवा’ आणि आपले ‘आधी व्यवस्था बदला’, ही दोन्ही वाक्ये रुग्णाच्या कानावर सारखीच पडतात. दोन्हींचा अर्थ एकच : आज तुझ्यासाठी काही नाही.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. पहिली, मधुमेहाच्या प्रत्येक सरकारी बाह्यरुग्ण विभागात साखरेबरोबर मनाची नोंद त्याच कार्डावर झाली पाहिजे, आणि निदान वर्षातून एकदा तरी ती झालीच पाहिजे. दुसरी, तेथे पूर्णवेळ, कायम नोकरीचा, प्रशिक्षित समुपदेशक हवा. तो गावचा, गावची बोली बोलणारा असेल तर उत्तमच. तिसरी, जिल्ह्याच्या मनोविकारतज्ज्ञाने ठरावीक दिवशी त्याच्या रुग्णांचे कागद तपासावेत, म्हणजे अवघड रुग्ण वेळीच वर जाईल आणि साधा रुग्ण फुकट हेलपाटे घालणार नाही. चौथी, मेटफॉर्मिन आणि इन्सुलिनच्या शेजारी नैराश्यावरील मूलभूत औषधेही त्याच खिडकीवर, खंड न पडता, मोफत मिळाली पाहिजेत. आणि पाचवी, आशांना कर्मचारी म्हणून मान्यता व वेतन. यात काही क्रांतिकारक नाही. कायदा २०१७ साली झालेला आहे, पद्धत गोव्यात आणि इतरत्र पारखून पाहिलेली आहे, औषधांच्या किमती मोठ्या नाहीत. नाही ती इच्छा. आणि ती मागणाऱ्यांच्या रेट्यावाचून कोणत्याही सरकारला आजवर झालेली नाही.

हा रेटा युनियननी आणि महिला संघटनांनी उभा करावयास हवा. बोनसच्या आणि पगाराच्या मागणीपत्रात दवाखान्याचे कलम आले पाहिजे. कामगार सभासद सलग कामावर येत नाही, सभेत बोलेनासा झाला आहे, तर तो ‘ढिला पडला’ असे म्हणण्याआधी त्याच्या घरी जाऊन यावे. त्या यंत्रमाग कामगाराचे नाव मला ठाऊक नाही. पुढच्या वाराला तो त्या रांगेत आला की नाही, हेही मला ठाऊक नाही. रुग्णालयालाही ते ठाऊक नसावे, कारण कोण आला नाही याची नोंद ठेवण्याचे काम तेथे कोणाकडेच सोपविलेले नाही. ते काम कोणाकडे तरी सोपविले जाईपर्यंत आपण गप्प बसता कामा नये.